गाण्याचा क्लास सुरू करताय? आधी तुमच्या एका तासाचा भाव काढा



गळा आहे, विशारद झालंय, घरात बाजाची पेटी आहे आणि शेजारच्या दोन मुली संध्याकाळी शिकायला येतात. साताऱ्यात, कराडला, सांगलीत, मिरजेत अशी कितीतरी मंडळी आहेत. त्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांनी क्लास बंद करून कुठल्या तरी पतसंस्थेत नाहीतर शाळेत नोकरी धरतात. विचारलं की म्हणतात, "गाण्यात पैसा नाही हो." खरं सांगायचं तर त्यांनी तो कधी मोजलेलाच नसतो. किती विद्यार्थी आहेत ते तोंडपाठ असतं, पण आपला एक तास किती रुपयांना गेला हे विचारलं की गप्प होतात.

व्हिडिओत मी आकडेमोड फळ्यावर करून दाखवली होती. इथे ती सावकाश, आणि जे व्हिडिओत राहून गेलं तेही.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकू. "विद्या विकायची का?" हा प्रश्न गाणाऱ्यांना फार छळतो. फी मागताना आवाज खाली जातो. पालक "बघू, पुढच्या महिन्यात एकदम देतो" म्हणाले की आपण मान डोलावतो. ज्यांना हा संकोच आहे त्यांनी आपल्याच भागातल्या एका माणसाकडे बघावं.

पलुसकरांचा हिशोब

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आणलं आणि तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याचं शिक्षण सुरू झालं. मिरज संस्थानाचा आश्रय होता, म्हणजे पोटापाण्याची सोय होती. तरी १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. त्या काळी गवई म्हणजे संस्थानिकाच्या पदरी असलेला माणूस. राजाची मर्जी असेल तोवर ताट वाढलेलं. पलुसकरांनी तो रस्ता सोडून तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुणा एका राजाच्या मर्जीवर नाही, तर लोकांच्या पाठिंब्यावर, देणग्यांवर, मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही गायनशाळा. ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, स्वतःची स्वरलेखन पद्धत, आणि शिक्षक तयार करण्यासाठी वेगळा वर्ग.

आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्यापेक्षा त्यांनी शेकडो लहान गिऱ्हाइकं जोडली, आणि आपल्या गळ्यातली विद्या दुसऱ्याला शिकवता येईल अशा पद्धतीत बसवली. भक्तीत ते कुणाला कमी नव्हते, आणि पैशाचा विषय काढायला लाजलेही नाहीत.

पण पुढचंही ऐका. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झालं, वाढलं, स्वतःची इमारत झाली, आणि त्या इमारतीचं कर्ज डोक्यावर बसलं. शेवटी वास्तू लिलावात गेली. इतक्या मोठ्या माणसाची संस्था इमारतीच्या कर्जाने अडचणीत आली. तेव्हा पहिल्याच वर्षी हप्त्यावर साउंडप्रूफ हॉल करायला निघालेल्यांनी जरा थांबावं. शिकवण्याची पद्धत मात्र टिकली. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, आणि आज तुमच्याकडची मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद म्हणून ज्या परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या.

गिऱ्हाईक कोण, ते आधी ठरवा

"सर्व वयोगटांसाठी, सर्व स्तरांसाठी" असं बोर्डावर लिहिणं सोपं आहे. चूकही नाही, कारण सातारा-सांगलीएवढ्या गावात फक्त ख्याल शिकणारे घेऊन पोट भरणार नाही. पण सगळे एकाच सतरंजीवर बसवले की कुणाचंच समाधान होत नाही. आठ वर्षांची मुलगी, दहावीचा मुलगा, पंचेचाळीस वर्षांच्या काकू आणि निवृत्त झालेले काका हे चौघे गाणं शिकायला आले, तरी चौघे चार वेगळ्या गोष्टी घ्यायला आलेत.

लहान मुलांना त्यांचे आईवडील आणतात. पैसे देणारा एक आणि शिकणारा दुसरा, हे लक्षात ठेवा. मुलाला मजा आली पाहिजे आणि पालकाला प्रगती दिसली पाहिजे. तीन महिने नुसते अलंकार घोटून घेणारे शिक्षक शास्त्राने बरोबर असतील, पण चौथ्या महिन्यात ते पोर तबल्याला किंवा कराटेला गेलेलं असतं. माझं म्हणणं असं, की पहिल्या चार आठवड्यांत एक प्रार्थना किंवा एक छोटं गीत पूर्ण बसवून द्या. घरी आजोबांपुढे म्हणून दाखवता आलं की पुढच्या महिन्याची फी वेळेवर येते. अलंकार सोबत चालूच राहू द्या, अगदी रोज दहा मिनिटं.

दहा ते पंधरा वयाची मुलं परीक्षेसाठी येतात. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण मिळण्याची आपल्या राज्यात तरतूद आहे, हे पालकांना पक्कं माहीत असतं. किती परीक्षांना किती गुण आणि प्रस्ताव कधी पाठवायचा हे त्या त्या वर्षी शाळेत विचारून घ्यायला सांगा, आपण तोंडी वचन देऊ नका. गुणांसाठी आलेल्या मुलाला कमी लेखायचं कारण नाही. पाच-सहा वर्षं सलग टिकणारा विद्यार्थी यातूनच मिळतो. मात्र नववीच्या शेवटी हा गट गळतो. म्हणून सहावी-सातवीतच परीक्षांचं वेळापत्रक कागदावर मांडून पालकांना द्या. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एक उन्हाळ्यात आणि एक दिवाळीनंतर, आणि फॉर्म जवळच्या केंद्रामार्फत भरायचे असतात.

मुलग्यांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना आधीच सांगून ठेवा. तेरा-चौदाच्या सुमारास आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चारमध्ये गोड गाणारा मुलगा आज सा लावताना घसरतो, वर्गात मुली हसतात, आणि तो पुन्हा येत नाही. आईला वाटतं, क्लासने गळा बिघडवला! हे आधी बोललेलं असेल तर तोच पालक तुमच्यावर जास्त विश्वास ठेवतो. त्या सहा-आठ महिन्यांत त्याला वरच्या सुरात ताणू नका. खालच्या पट्टीत थोडंच गाऊ द्या, आणि ताल, हातावर ठेका, पेटी, रागांची माहिती यावर भर द्या. विद्यार्थीही टिकतो, आणि गळाही.

मोठ्या बायकांचा गट हा आपल्या भागातला सगळ्यात भरवशाचा गट आहे असं माझं मत आहे. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ त्यांना सोयीची, आणि नेमकी तीच वेळ तुमची रिकामी. त्यांना अभंग, भावगीत, गवळण, नाट्यगीत हवं असतं. सांगली तर नाटकाचं गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' इथे केलं, आणि नाट्यपदांचा कान अजून घराघरांत आहे. भजनी मंडळ हे तर एकगठ्ठा गिऱ्हाईक. दहा-बारा जणी, स्वतःची जागा, स्वतःची पेटी, बऱ्याचदा स्वतःचा मृदंग वाजवणाराही. त्यांना स्पर्धेसाठी बसवून देणारं कुणीतरी पाहिजे असतं. मंडळाकडून माणशी फी घेऊ नका, मंडळाची एकत्र महिन्याची रक्कम ठरवा. दोघी नाही आल्या म्हणून तुमचे पैसे कमी व्हायला नकोत.

आणि कराओकेवाले काका. निवृत्त झालेले, हौशी, ग्रुपमध्ये गाणारे. शास्त्रीय शिकलेली मंडळी यांच्याकडे जरा नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हा माणूस स्वतःच्या खिशातून स्वतःसाठी फी देतो आणि घासाघीस करत नाही. त्याला मुखडा नीट उचलायचा असतो, अंतऱ्यात श्वास पुरवायचा असतो, आणि आपली पट्टी कुठली हे कळायला हवं असतं. बहुतेक जण मूळ गाण्याच्या पट्टीत गायला जाऊन गळा फाडतात. दोन सूर खाली घेतलेला ट्रॅक वापरायला सांगितलं तरी पहिल्याच दिवशी फरक पडतो, आणि तो चार मित्रांना सांगतो.

बॅच वयाने करा, पण पट्टीनेही करा

ही गोष्ट व्यवसाय शिकवणाऱ्या माणसाला सहसा सुचत नाही, गाणाऱ्यांकडून शिकलो. पुरुषांची पट्टी साधारण काळी एक-पांढरी दोनच्या आसपास असते, बायकांची आणि लहान मुलांची काळी चार-काळी पाचच्या आसपास. एकाच वर्गात दोन पुरुष आणि सहा बायका बसवल्या की तुम्ही सा कुठला देणार? एक बाजू कायम अवघडणार. मग शिक्षक मधलीच एखादी पट्टी धरतो आणि सगळेच बेसूर होतात.

म्हणून बॅच ठरवताना दोन प्रश्न विचारा: वय काय, पट्टी काय. मुली आणि फुटायच्या आधीचे मुलगे एकत्र चालतात. मोठ्या बायकांची वेगळी बॅच. पुरुषांची वेगळी, मग ते तिघेच असले तरी. स्तराचा विचार तिसरा. नवखे आणि दोन वर्षं शिकलेले एकत्र बसले तर तितकं बिघडत नाही, उलट जुना विद्यार्थी नव्याला सा धरून देतो आणि तेवढाच तुमचा गळा वाचतो.

आता तासाचा भाव

खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गल्लीतला दर तुम्ही शोधा, पण हिशोबाची रीत हीच ठेवा.

समजा लहान मुलांची बॅच आहे. सहा मुलं, आठवड्यातून दोनदा, एक-एक तास, महिना ८०० रुपये. झाले ४,८०० रुपये आणि तुमचे तास गेले आठ. म्हणजे तासाला ६०० रुपये.

दुपारची बायकांची बॅच, आठ जणी, महिना ७००, तेही आठवड्यातून दोनदा. ५,६०० रुपये, आठ तास. तासाला ७००.

एकट्याला शिकवायचं, तुमच्या घरी, आठवड्यातून एकदा, महिना २,०००. चार तास. तासाला ५००.

आणि आता गंमत. एखादे डॉक्टर म्हणतात, "घरी येऊन शिकवा, २,५०० देतो." ऐकायला सगळ्यात मोठी फी. पण साताऱ्यात शाहूपुरीतून गोडोलीला जायचं, गाडी लावायची, चहा होणार, मुलगी अजून शाळेतून आलेली नसते, मग शिकवणार, मग परत. एका शिकवणीला पावणेदोन तास धरा. महिन्याचे सात तास. तासाला पडले ३५७ रुपये, पेट्रोल वेगळं.

मोठ्या फीच्या मागे धावणारे शिक्षक दिवसभर स्कूटरवर का असतात आणि तरी हातात काही का उरत नाही, ते यात दिसतं. मी घरी जाऊन शिकवू नका असं म्हणत नाही. ३,५०० सांगा. देणारा देतो, नाहीतर तो तुमच्याकडे येतो.

पुढे जाऊ. समजा मुलांच्या दोन बॅच, बायकांच्या दोन बॅच आणि एकट्याने शिकणारे सहा जण आहेत. ९,६०० अधिक ११,२०० अधिक १२,०००, म्हणजे महिना ३२,८०० रुपये. तास ५६. खर्च धरा: खोलीचं भाडं ४,०००, तबलजींचे दोन संध्याकाळचे ३,०००, वीज-इंटरनेट-झेरॉक्स १,०००, पेटी-तानपुऱ्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला ५००. एकूण ८,५००. हातात उरले २४,३००.

थांबा, खूश होऊ नका. हा भरल्या महिन्याचा हिशोब झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये मामाचं गाव, दिवाळीत दोन आठवडे सगळं शांत. वर्षात दहाच महिने फी येते असं धरा. मग वर्षाची जमा ३,२८,०००. भाडं मात्र बारा महिने द्यावं लागतं, ४८,०००. बाकीचा खर्च दहा महिन्यांचा, ४५,०००. उरले २,३५,०००, म्हणजे महिन्याला सरासरी १९,६०० च्या आसपास. नोकरी सोडायची की नाही, हे या शेवटच्या आकड्यावर ठरवा, पहिल्यावर नको.

हा आकडा वाढवायचे रस्ते दोन. एक, बॅच भरलेली ठेवणं. सहाच्या जागी चार मुलं राहिली की तासाचा भाव ६०० वरून ४०० वर येतो, तुमचे कष्ट तेवढेच. नवीन ॲडमिशन आणायला जितकं डोकं लावता तितकं आहेत ती मुलं टिकवायला लावा. दुसरा रस्ता म्हणजे रिकाम्या वेळा विकणं. सकाळी सातचा तास, दुपारचा तास, मे महिन्यातला तीन आठवड्यांचा सुट्टीवर्ग. सुट्टीवर्गाची फी पूर्ण आगाऊ घ्यायची, आणि त्यातली जी मुलं जूनला नियमित वर्गात येतील ती खरी कमाई.

तासांची संख्या वाढवत जाणं हा तिसरा रस्ता दिसतो, पण तो फसवा आहे. तुमचा गळा हेच तुमचं मशीन. दिवसाला सलग पाच-सहा तास गाऊन दाखवत शिकवणाऱ्याचा आवाज बसतो, आणि आवाज बसला की दुकान बंद. दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, प्रत्येक ओळ स्वतः गाऊन दाखवण्यापेक्षा पेटीवर द्या, मुलांना एकमेकांकडून ऐकून घ्यायला लावा.

फीचे नियम, एका कागदावर

पहिल्या दिवशी तोंडाने सांगितलेला नियम तिसऱ्या महिन्यात कुणालाच आठवत नाही. छापील कागद द्या, मराठीत, साध्या भाषेत. फी महिन्याच्या १ ते ५ तारखेत, आगाऊ. विद्यार्थी आला नाही तर तो तास गेला, शिक्षक नसतील तर तास भरून दिला जाईल. महिनाभर सुट्टी घेऊन जागा राखायची असेल तर अर्धी फी. दरवर्षी जूनमध्ये फी वाढेल. एवढं पुरे.

जूनमधली वाढ दरवर्षी थोडी थोडी करा. चार वर्षं फी न वाढवता पाचव्या वर्षी एकदम तीनशे वाढवले की पालक दुखावतात. आणि यूपीआयचा क्यूआर कोड भिंतीवर लावा. हातात पैसे घेताना ज्यांना अवघडतं त्यांचं निम्मं ओझं त्याने उतरतं. गरीब घरातला, खरोखर गळा असलेला मुलगा आला तर जरूर सवलत द्या, पण वर्षाला एक जागा किंवा दोन जागा असं आधी ठरवून. भीड पडून दिलेली सवलत आणि ठरवून दिलेली सवलत यात फरक असतो, आणि पहिलीची बातमी वर्गभर पसरते.

पहिली भेट फुकट ठेवावी का, असं बरेच जण विचारतात. मी म्हणेन वीस मिनिटं भेटा, पैसे घेऊ नका, पण शिकवायलाही बसू नका. कुठलंही येणारं गाणं पेटीशिवाय म्हणायला सांगा, कान आणि पट्टी दोन्ही कळतात. कशासाठी शिकायचंय ते विचारा. कुठली बॅच, किती फी, किती महिन्यांत काय येईल, हे सांगून कागद हातात द्या. जमेल त्यांना "सहा महिन्यांत स्टेजवर गाल" असली आश्वासनं देऊ द्या, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

जागा, वाद्यं आणि पाणी

सुरुवात घरातल्या खोलीतून करा. सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी विचारा, आणि रात्री साडेआठनंतर तबला नको. भाड्याने खोली घ्यायचीच तर शाळेच्या किंवा इतर शिकवण्यांच्या रस्त्यावर घ्या, म्हणजे पालकांची एकच फेरी होते. सांगलीत एक गोष्ट जास्तीची बघावी लागते. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी गावात आलं. नदीकडच्या भागात तळमजल्याची खोली स्वस्तात मिळते, पण पेटीचे सूर, तबल्याची पुडी आणि तानपुऱ्याचा भोपळा पाण्यात गेला की परत उभं राहायला वर्ष जातं. वरचा मजला घ्या, नाहीतर जुलैच्या आधी वाद्यं वरच्या मजल्यावर कुणाकडे ठेवता येतील ते ठरवून ठेवा.

वाद्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरजेत सतार-तानपुरे बनवणाऱ्या कारागिरांची गल्लीच आहे, आणि मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नवीन तानपुरा लगेच घ्यायची गरज नाही. पहिलं वर्ष मोबाईलवरचा तानपुरा आणि बरा स्पीकर चालतो. पण पेटीत काटकसर करू नका. बेसूर पेटीवर शिकलेला कान नंतर दुरुस्त करायला फार वेळ लागतो. जुनी घ्यायची तर जाणकाराला सोबत न्या, भाता कुठे फाटलाय का आणि सगळे सूर तानपुऱ्याशी जुळतात का ते तपासा. पट्टी बदलता येणारी महागडी पेटी हवीच असं नाही. तुम्हाला सगळ्या पट्ट्यांत वाजवता येत असेल तर तेवढे पैसे वाचले.

लहान मुली शिकायला येणार, तेव्हा दार उघडं ठेवा आणि पालकांना बसायला खुर्ची ठेवा. एकट्या मुलाला शिकवताना घरात आणखी कुणी मोठं माणूस असावं. यात पालकांचाही विश्वास बसतो आणि शिक्षकाचीही सुरक्षितता असते. हा नियम कागदावर लिहून टाकलात तर आणखी चांगलं.

कागदपत्रांची भीती बाळगू नका. उद्यम नोंदणी मोफत होते, आधार लागतं, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. सेवेच्या व्यवसायाला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे, त्यामुळे सुरुवातीला तो प्रश्न येत नाही. मात्र बँकेत वेगळं खातं काढा आणि फीची पावती द्या. उद्या कर्ज हवं असेल तर हेच कागद कामाला येतात.

गिऱ्हाईक कुठून येतं

जाहिरातीवर फार खर्च करू नका. गाण्याच्या क्लासची जाहिरात विद्यार्थ्याच्या तोंडूनच होते. गुरुपौर्णिमा हा तुमचा हक्काचा दिवस. जूनच्या ॲडमिशन नुकत्याच झालेल्या असतात, नवे पालक बघायला उत्सुक असतात. साताऱ्यात शाहू कला मंदिर किंवा सांगलीत भावे नाट्यमंदिर घ्यायचा मोह होतो, पण पंचवीस विद्यार्थ्यांसाठी एवढं नाट्यगृह घेऊन रिकाम्या खुर्च्यांपुढे गाण्यापेक्षा देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा हॉल भरलेला बरा. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन मिनिटं द्या, नवख्यांना समूहात गाऊ द्या. प्रत्येकाच्या घरून चार माणसं येतात, म्हणजे शंभर माणसांनी तुमचं काम बघितलं.

गणपतीत मंडळं, नवरात्रात देवीची देवळं, कार्तिकात काकडा. कुठे तरी मुलांना दहा मिनिटं गायला मिळतंच. साताऱ्याच्या मंडळींनी औंधला विद्यार्थ्यांना जरूर घेऊन जावं. शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ अंतुबुवा जोशींनी १९४० मध्ये तिथे संगीत महोत्सव सुरू केला, तो अजून भरतो. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. वर्षातून एकदा अशी सहल काढली की पालकांच्या लक्षात येतं, हा क्लास नुसता फी घेणारा नाही. आणि मुलांना मोठं गाणं समोर बसून ऐकायला मिळतं, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

यूट्यूबवर मुलांचे व्हिडिओ टाकायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या. सिनेमाच्या गाण्याचा कराओके ट्रॅक वापरला तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. तानपुऱ्यावर गायलेला अलंकार किंवा पारंपरिक बंदिश टाका, ती बघून येणारा पालकही नेमका तुमच्याच कामाचा असतो.

ऑनलाइनबद्दल थोडंच. परदेशातल्या मराठी घरांतून मागणी आहे आणि फी चांगली मिळते. पण आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे दोघांनी एकत्र गाणं जमत नाही. तुम्ही ओळ द्यायची, थांबायचं, मग विद्यार्थ्याने गायचं, आणि तानपुरा त्याच्याच बाजूला चालू ठेवायचा. म्हणून ऑनलाइन बॅच करू नका, एकेकट्यालाच शिकवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेसात. मार्चमध्ये पुन्हा बदलतं. या दोन बदलांच्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो, तेव्हा आधीच मेसेज टाकून ठेवा.

आता एक कागद घ्या. सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते रात्री साडेआठ, अशा चौकटी आखा. आत्ता शिकवत असाल तर प्रत्येक चौकटीत त्या तासाचे मिळणारे रुपये लिहा, जाण्यायेण्याचा वेळ धरून. रिकाम्या चौकटी वेगळ्या रंगाने भरा. कुठला तास सगळ्यात स्वस्तात चाललाय आणि कुठली चौकट रिकामी आहे, ते कमेंटमध्ये कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातली दोन-तीन वेळापत्रकं घेऊन आपण बॅच कशा हलवायच्या ते बघू.